खणातली कोरी नळी

जुना दिवा लावला की आधी जांभळट होतो, मग पांढरा. मधली चार मिनिटं त्याच्याकडे बघायचं नसतं.

बायको सुईत दोरा ओवताना श्वास धरायची. आता ओवत नाही. श्वास अजूनही मध्येच धरते.

उपाशी पानाच्या शिरा शेवटपर्यंत हिरव्या राहतात. मधला भाग आधी जातो.

"हात बरा नाही तिचा," सर म्हणाले, आणि चहात पडलेलं बिस्किट चमच्यानं काढत बसले.

बत्तीस पायऱ्या. सतराव्या पायरीवर डावा गुडघा बोलायला लागतो.

नळीत एकही पेशी नव्हती, आणि नळी गुलाबी झाली.

यातलं शेवटचं आज सकाळी साडेनऊला झालं. बाकीचं आधीचं आहे, काही कालचं, काही कितीतरी वर्षांचं. पण सकाळपासून ते सगळं त्या नळीच्या मागे रांग लावून उभं आहे आणि मला एकेकाला "थांबा जरा" म्हणावं लागतंय. मी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तांत्रिक साहाय्यक आहे. सत्तावीस वर्षं. नळ्या धुणं, नळ्या भरणं, नळ्या मोजणं. विद्यार्थी मला नळीकाका म्हणतात. सुरुवातीला पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. आमच्याकडे पानांवर काम चालतं. पानांना लोह कमी पडलं की काय होतं, यावर. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, "अच्छा," आणि हवेबद्दल बोलायला लागतो. बरोबरच आहे. मलाही कधी कधी हवेबद्दलच बोलावंसं वाटतं.

आज सकाळी मी भांडारातून जुना दिवा काढून आणला. सरांनी काल सांगितलं होतं. "नव्या दिव्यावर जमत नसेल तर तिला जुन्यावर करू द्या. शेवटची संधी." तिला म्हणजे मुंगीला. मुंगी ही सरांची विद्यार्थिनी, पीएचडीचं चौथं वर्ष. नाव वेगळं आहे, पण भिंतीच्या कडेकडेनं चालते, हातात कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी असतं, आणि थांबलेली कोणी पाहिलेली नाही. तिला सरांचा एकोणीस वर्षांपूर्वीचा प्रयोग पुन्हा करून दाखवायचा होता, आणि त्याच्या पुढचं काम त्यावर उभं करायचं होतं. पाच वेळा केला. पाचही वेळा उत्तर उलटं आलं. आज तीन वाजता समिती बसणार, आणि सर त्यात लिहून देणार की हिचं हातानं करायचं काम पुरेसं चांगलं नाही. मग तिचं इथलं काम थांबणार. तिला हे माहीत आहे. मलाही माहीत आहे. काल दिवसभर आम्ही दोघं एकमेकांशी फक्त डिस्टिल्ड पाण्याबद्दल बोललो.

दिवा खोक्यात होता. त्याच खोक्यात जुना लाकडी स्टँड होता, संस्थेच्या सुतारानं करून दिलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो मी उघडला नाही. चिमटा पुरे होता. इतक्या वर्षांनी दिवा किती तापतो ते बघायचं होतं, म्हणून एका नळीत द्रावण भरलं, त्यात थर्मामीटर सोडला, नळी चिमट्यात धरून दिव्यासमोर लावली आणि पायऱ्या उतरून कँटीनमध्ये गेलो. साध्या पाण्यानंही भागलं असतं. पण हाताशी कालच्या प्रयोगाचं उरलेलं द्रावण होतं, लोह आणि एक बिनरंगी द्रव्य घातलेलं, तेच ओतलं. परत आलो तर थर्मामीटर पंचवीस अंश दाखवत होता आणि त्याच्या भोवतीचं पाणी गुलाबी होतं. फिकट नाही. लहान मुलाला ताप चढल्यावर गाल होतात तसं.

हे काय झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि मला मागे जायचा कंटाळा आला आहे. तरी सांगतो. मुळांतून वर चढून पानापर्यंत आलेलं लोह पेशीला जसंच्या तसं घेता येत नाही. ते सिट्रेटला, लिंबातल्या आंबटाच्या क्षाराला, बांधलेलं असतं. पेशीच्या दाराशी त्याला एक इलेक्ट्रॉन द्यावा लागतो, मग त्याचं रूप बदलतं आणि ते आत येतं. म्हणजे घेण्यासाठी आधी द्यावं लागतं. जमिनीतल्या मुळांचं सगळ्यांना माहीत आहे. लोह कमी पडलं की बीटसारख्या झाडांची मुळं हे देणं वाढवतात, दुप्पट, पाचपट, दारात उभी राहून हातातलं सगळं वाटतात आणि जितकं मिळेल तितकं ओढतात. सरांचा प्रश्न होता पानाचं काय. पान उपाशी राहिलं तर त्याच्या पेशीही असंच करतात का? त्यासाठी बीटची रोपं बिनलोहाच्या पाण्यात वाढवायची. पानं पिवळी पडली की त्यांचे बारीक काप करून पेशींच्या भिंती विरघळवायच्या. मग पेशी उघड्या पडतात. गोल, एकेकट्या, धक्का लागला तरी फुटतील अशा. त्या नळीत सोडायच्या, बरोबर लोह आणि एक बिनरंगी द्रव्य. रूप बदललेलं लोह सापडलं की ते द्रव्य लाल होतं. जितकं लाल तितकं पेशींनी दिलेलं. आणि शेजारी एक कोरी नळी, त्यात सगळं असतं, फक्त पेशी नसतात. तिचा आकडा बाकीच्यांतून वजा करायचा. कोरी नळी म्हणजे आपली लाज. पेशींशिवाय जे काही झालं ते तिच्यात दिसतं.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या उपाशी पेशींनी दिव्याखाली तिप्पट लाल रंग दिला. सरांचं नाव झालं. इथल्या जिन्यात त्या आलेखाचं पोस्टर आहे, काचेच्या मागे. सतराव्या पायरीसमोर.

बारा वाजता मी ते नीट पुन्हा केलं. मुंगी समितीसाठीचे कागद छापायला गेली होती. दोन नळ्या, दोन्ही कोऱ्या. एक दिव्यासमोर, एक खालच्या खणात. दर पाच मिनिटांनी यंत्रावर रंग मोजायचा.

शून्य मिनिटं. दोन्ही ०.००२.

सत्तावीस वर्षांत मी किती वेळा पाच मिनिटं थांबलो असेन? हिशोब करता येईल, करत नाही. या कामात माणूस फक्त थांबतो, आणि थांबताना काही करता येत नाही, कारण पाच मिनिटं पुस्तक उघडायला कमी असतात आणि भिंतीकडे बघायला जास्त. मी काचेच्या भांड्यांची घासाघीस करतो. आमच्याकडे भांडी आधी आम्लात बुडवतात, मग तीनदा धुतात, कारण लोह सगळीकडे असतं, नळाच्या पाण्यात, धुळीत, बोटांवर, आणि जिथं लोह नको आहे तिथं ते हटकून येतं. नवी मुलं आली की मी त्यांना हेच आधी शिकवतो. उपाशी ठेवणं सोपं नाही. खरोखर उपाशी ठेवायचं तर फार स्वच्छता लागते. मुंगी आली तेव्हा तिनं हे वहीत लिहून घेतलं होतं, अवतरणचिन्हांत, खाली "नळीकाका" असं. मी म्हटलं, "हे काय लिहितेस?" ती म्हणाली, "तुम्ही फक्कड बोलता काका, पण महिन्यातून एकदा. लिहून ठेवायला नको?"

पाच मिनिटं. दिवा ०.०४१. खण ०.००२.

त्या वेळी सहा नळ्या असायच्या. तीन हिरव्या, पोटभर लोह मिळालेल्या. तीन पिवळ्या, उपाशी. दिवा पत्र्याच्या पेटीत, मध्ये काचेची पाण्याची टाकी उष्णता अडवायला, आणि समोर नळ्यांचा स्टँड. दिव्याच्या उजेडाचा गोल छोटा होता. कोऱ्या नळीला तिथं जागा नव्हती, म्हणून ती खालच्या खणात ठेवायची. ते पहिल्या दिवशी झालं आणि मग तीच पद्धत झाली. नंतर आलेल्या प्रत्येकाला मी तसंच शिकवलं: कोरी नळी खणात. कोणी विचारलं का, तर म्हणायचो, तशीच ठेवतात. "तशीच ठेवतात" हे वाक्य आमच्या शाळेच्या मास्तरांकडून उचललं मी, फार उपयोगी वाक्य आहे, त्याच्यापुढे कोणी जात नाही. मुंगीनंही विचारलं होतं आणि मग मुकाट्यानं खण उघडला होता. पण तिचा दिवा नवा, थंड, नुसता तांबडा. त्या उजेडात द्रावणाला काही होत नाही. म्हणून तिच्या सगळ्या नळ्यांनी खरं सांगितलं, खणातलीनंही. माझ्या जुन्या दिव्याच्या उजेडात निळं खूप, जांभळं खूप. सिट्रेटला बांधलेलं लोह तेवढ्या उजेडातच रूप बदलतं. पेशीनं काही द्यायची गरज नाही. दिवाच देतो. आणि हिरव्या पेशी उजेड अडवतात, पिवळ्या पेशींतून तो आरपार जातो. म्हणून पिवळ्या नळ्या जास्त लाल. उपाशी पेशींनी काही दिलंच नव्हतं. त्या फक्त पोकळ होत्या, आणि उजेड त्यांच्यातून निघून गेला.

दहा मिनिटं. ०.०८३.

त्या वर्षीचा एक रविवार होता. बीटची पानं रविवार बघत नाहीत, काढायची वेळ झाली की झाली. बायको डबा घेऊन आली होती. ती रफू करायची. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेला कसरीचा दात, असं काही आणून दिलं की ती त्याच कापडाचा धागा शिवणीतून उपसून काढायची आणि भोक असं बुजवायची की गिऱ्हाईक बोटानं शोधत बसायचं. त्या दिवशी तिच्या पिशवीत कोणाचा तरी राखाडी कोट होता. मी थांबलेला, तीही थांबली. स्टूलावर बसून तिनं कोट काढला, दोन-तीन राखाडी दोरे काढले, दिव्याच्या उजेडात कोटाला लावून बघितले, मान हलवली आणि उठून खिडकीशी गेली. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "दोरा आणि कापड एकाच उजेडात धरावं लागतं. नाहीतर इथं जुळलेलं बाहेर फसवतं." मी हं केलं. घड्याळ वाजलं. मी एकेक नळी मोजत होतो, न बघता उजव्या हातानं पेन उचलायचं, आकडा लिहायचा, पेन परत उभं करायचं, नळ्यांच्या शेजारीच, हाताशी. या लयीचा मला अभिमान होता. सहा नळ्या नव्वद सेकंदांत. मग खण उघडून सातवी मोजली आणि खण बंद केला.

"ही एकटीच खाली का?" तिनं विचारलं.

"ती कोरी आहे."

"कोरी आहे म्हणून काय झालं? तिलाही त्यांच्यातच ठेवा की. जुळवणार कशाशी मग?"

पंधरा मिनिटं. ०.१२६. खण ०.००३.

"जागा नाही तिथं," मी म्हणालो. ती वाकून बघायला लागली, आणि मी म्हणालो, "हे रफू नाहीये." एवढंच. आवाज चढवला नाही. पण सर शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं, आणि ते हसले. फार नाही, नाकातून. तिनं कोट पिशवीत घातला, दोरे गुंडाळून त्यांच्या कागदात ठेवले. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे तोवर खा." त्यानंतर ती इथं आली नाही. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. आम्ही चांगले राहिलो, लोक म्हणतात तसे. मी तिला कामातलं काही सांगितलं की ती "हो का" म्हणायची आणि हातातला धागा दातानं तोडायची. पुढं मला वाटायला लागलं की काहीतरी द्यावं. कशाबद्दल ते ठरवता येईना, म्हणून वस्तू आणल्या. उत्तम सुया, चामड्याचं अंगुस्तान, उंच दांड्याचा टेबलदिवा. ती म्हणायची, "ठेवा तिथं." टेबलदिवा अजून तिथंच आहे. मुंगीचे आकडे मी गेल्या वर्षी पहिल्यांदा बघितले, उपाशी पेशी कमी घेतात, मुळांसारख्या झडप घालत नाहीत, उलट देण्याचीच ताकद हळूहळू जाते, मग समोर आलेलंही आत घेता येत नाही, आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. दिसायला हवी होती. सरांना दिसली. मी वही मिटली आणि म्हणालो, "पुन्हा करून बघ."

हेच वाक्य पाच वेळा म्हणालो मी तिला. पुन्हा करून बघ.

गेल्या वर्षीच बायकोचे डोळे गेले. गेले म्हणजे पूर्ण नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं जातं, कडा राहतात. माझ्याकडे बघायचं तर ती आता जरा बाजूला बघते, माझ्या कानाच्या पलीकडे कोणी उभं असल्यासारखं. सुरुवातीला मी मागे वळून बघायचो.

वीस मिनिटांचं मोजायचं राहिलं.

पंचवीस मिनिटं. ०.२०७.

पुढं मोजायची गरज नव्हती, पण चाळीसपर्यंत मोजलं. सवय. पाऊण वाजता वाटलं की नळी ओतून द्यावी. सिंकमध्ये. पाणी सोडलं की पाच सेकंदांचं काम. दिवा परत खोक्यात, "बिघडलाय" म्हणून भांडारात. मग तीनला जे व्हायचं ते होईल. मुंगी हुशार आहे, तिला दुसरीकडे कुठंतरी काम मिळेल, तरुण माणसं उभी राहतात. सर पुढच्या वर्षी जाणार. मला चार वर्षं आहेत. कोणाला काही फरक पडणार नाही, पानांना तर नाहीच. हे सगळे विचार मी शांतपणे केले, एकेक करून, जसं कोणी दुकानात चपला घालून बघतं. कोणतीही घट्ट नव्हती. फक्त फार थकलो होतो आणि सिंक चार पावलांवर होतं. चार पावलं चालायचा कंटाळा आला, हेही खरं आहे. मी बसून राहिलो. त्यात माझा मोठेपणा काही नाही.

मुंगी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून आली. भिंतीच्या कडेनं.

"काका, दिवा चालतोय? दीडपर्यंत एक फेरी होईल माझी. पेशी काढून बर्फात ठेवल्यात. आणि स्टँड कुठाय? तुम्ही म्हणाला होतात जुना स्टँड..."

"स्टँड नको. ही नळी बघ."

तिनं बघितलं. "कोणत्या पेशी?"

"कोणत्याच नाहीत."

तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला, खण उघडला, खालची नळी काढली, दोन्ही नळ्या एका हातात शेजारी शेजारी धरल्या आणि खिडकीशी नेल्या. खिडकीशी. मला दुसरीकडे बघावं लागलं.

"म्हणजे माझे आकडे बरोबर होते," ती म्हणाली.

"हो."

"पाचही वेळा?"

"पाचही वेळा."

मला वाटलं ती हसेल, निदान टेबलावर थाप मारेल. ती स्टूलावर बसली आणि स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघायला लागली. "गेल्या महिन्यात मी डॉक्टरकडे गेले होते काका. नसांच्या. हात थरथरतो का ते बघायला. त्यांनी मला हात पुढं करायला लावला आणि त्यावर कागद ठेवला. कागद हललाच नाही. ते म्हणाले, काही नाही तुम्हाला. मी म्हटलं, नीट बघा, असेल काहीतरी." मग जरा वेळानं, "आईला सांगितलं होतं मी, हातात दोष आहे म्हणून. ती मला जड भांडी उचलू देत नाही घरी."

"सरांना मी सांगतो," मी म्हणालो.

"कोरी नळी खणात ठेवायला मला तुम्हीच शिकवलंत."

"हो."

"आणि तुम्हाला कोणी?"

"जागा नव्हती तिथं," मी म्हणालो. हे वाक्य इतकं गुळगुळीत झालं आहे की आपोआप बाहेर पडतं. ती मान हलवून उठली. तिला घाई होती, तिला पटलं.

सर खोलीत होते. समितीचा कागद समोर, अर्धा भरलेला. मी दोन्ही नळ्या त्यांच्या टेबलावर, कागदाशेजारी ठेवल्या आणि सांगितलं. फार कमी शब्द लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, लाल नळी उचलून उजेडात धरली. त्या क्षणी त्यांना सगळं समजलं, ते मला दिसलं. ते हुशार आहेत, नेहमीच होते, कोणीतरी नळी समोर ठेवायचीच खोटी होती.

"सिट्रेट," ते म्हणाले. "उजेडात. अहो, हे कॉलेजच्या पुस्तकात आहे."

"हो सर."

"मग कोरी नळी कुठं होती तेव्हा?"

"खणात."

"एकोणीस वर्षं खणात?" त्यांनी नळी ठेवली. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही कधी विचारलं नाही."

ते हसले, नाकातून, आणि ते हसू मला ओळखीचं वाटलं, पण या वेळी ते माझ्यावर नव्हतं. "अकरा गावांना जाऊन दाखवलंय मी ते. एका ठिकाणी टाळ्या थांबेनात. हिला तर विचारलं होतं मी, सांडतेस का म्हणून." त्यांनी समितीचा कागद ओढला, लिहिलेल्या दोन ओळी खोडल्या. खोडताना कागद फाटला, म्हणून नवा घेतला. मला वाटत होतं ते रागावतील. मी त्यासाठी तयारही झालो होतो. पण तेही थकले होते. खोलीत दोन थकलेली माणसं, आणि मधे एक लाल नळी.

तीनला समिती बसली. मी बाहेर बाकावर. पावणेचारला मुंगी बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चालू ठेवायला सांगितलंय. माझेच आकडे धरून. उपाशी पान कमी घेतं, हेच आता उत्तर." मग खाली वाकून माझ्या पायाशी पडलेली तिची टाचणी उचलली आणि गेली. आभार मानले नाहीत. तेच बरोबर होतं.

चारला सरांनी बोलावलं. संशोधनाच्या मासिकाला पाठवायचं पत्र त्यांनी टाइप केलं होतं, चूक कबूल करणारं. आधी मोठ्यानं वाचलं. एक वाक्य असं होतं: दिव्याखालील जागा अपुरी असल्यामुळे कोरी नळी अंधारात ठेवणे भाग पडले. "बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. "खाली तुमचंही नाव टाकतो. एवढी वर्षं कुठंच टाकलं नाही, आता इथं तरी." ते हे मनापासून म्हणत होते.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

जिना उतरताना पोस्टर होतंच. ते काढायला उद्या शिडी लागेल, ती मलाच आणावी लागेल.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. बायको खिडकीशी बसली होती, मांडीवर काही नाही, हात एकमेकांत. मी चपला काढल्या, पाणी प्यायलो, समोरच्या खुर्चीवर बसलो. म्हटलं, "तुझं बरोबर होतं."

"कशाबद्दल?"

"त्या रविवारी. तू कोट घेऊन आली होतीस. खणातल्या नळीबद्दल म्हणालीस."

ती माझ्या कानापलीकडे बघत राहिली. मला वाटलं विसरली असेल. मग म्हणाली, "राखाडी. कोपरावर फाटलेला." मग, "काय झालं?" मी सगळं सांगितलं, मुंगीचा हात, डॉक्टरांचा कागद, सरांचं पत्र. तिनं मध्ये एकदाही "हो का" म्हटलं नाही. मुंगीच्या आईनं जड भांडी उचलू दिली नाहीत, तिथं तिनं श्वास धरला. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "सांगितलंत हे बरं झालं त्या पोरीला." आणि जरा वेळानं, हात पुढं करत, माझा गुडघा नेमका कुठं आहे ते चाचपत, "मी उगाच मनात धरून बसले इतकी वर्षं. तुमचा तरी काय इलाज होता? तुम्ही म्हणालाच होतात, तिथं जागा नव्हती."

मी तिचा हात गुडघ्यावर राहू दिला. "नव्हती," म्हणालो.

सुतारानं करून दिलेल्या त्या लाकडी स्टँडला सात भोकं होती. सातव्यात मी पेन ठेवायचो.